कौल घेतला, हिशेबाचे काय?

शहराच्या कारभारात, आणि विशेषतः शहराच्या अंदाजपत्रकात, रहिवाशांना सामील करून घेण्यासाठी तंत्रज्ञान किती आणि कसे वापरावे, हा वाद गेली पंधरा-वीस वर्षे जगभरातल्या शहरांत चालू आहे आणि बहुतेक ठिकाणी तो चुकीच्या जागी अडकून पडला आहे. एका बाजूला अ‍ॅपचे पुरस्कर्ते आहेत. किती लोकांनी अ‍ॅप घेतले, किती सूचना आल्या, किती मते पडली, हे आकडे त्यांच्या लेखी सहभागाचे माप असते. दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सभेचे कैवारी आहेत. स्मार्टफोन नसलेल्यांनी काय करायचे, वृद्धांनी कुठे जायचे, समोरासमोर बसल्याशिवाय लोकशाही कसली, असे ते विचारतात. दोघांचे म्हणणे ऐकत गेले की लक्षात येते, की त्यांचे भांडण एकाच प्रश्नावर आहे: लोकांचे मत गोळा कसे करायचे? गोळा झालेले मत कोणाला बांधून ठेवते, आणि मंजूर झालेला पैसा वर्षअखेरीस कुठे गेला हे मत देणाऱ्याला कधी कळते का, याबद्दल दोघेही जवळपास गप्प आहेत. माझे म्हणणे असे, की तंत्रज्ञानाची खरी जागा तिथे आहे. मत मागण्याच्या टोकाला त्याचा उपयोग मर्यादित आहे आणि काही वेळा तो घातकही ठरतो. हिशेब देण्याच्या टोकाला मात्र त्याला पर्याय नाही, आणि नेमके तिथेच ते सर्वांत कमी वापरले जाते.

लोकांचे ऐकून घेणे वेगळे आणि लोकांना निर्णयात वाटा देणे वेगळे, हे समजून घेण्यासाठी अठराव्या शतकातल्या जपानकडे पाहावे. १७२१ मध्ये शोगुन, म्हणजे देशाचा प्रत्यक्ष सत्ताधीश, तोकुगावा योशिमुने याने एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, न्यायसभेच्या इमारतीबाहेर एक पेटी ठेवली. सामान्य माणसाने आपले गाऱ्हाणे किंवा सूचना नाव-पत्त्यासह लिहून त्या पेटीत टाकायची; कुलूपबंद पेटी थेट शोगुनसमोर नेऊन उघडली जायची. ती देखाव्यापुरती नव्हती. ओगावा शोसेन नावाच्या वैद्याने गरिबांसाठी रुग्णालय असावे अशी सूचना त्या पेटीतून केली आणि १७२२ मध्ये कोइशिकावा इथे ते रुग्णालय उभे राहिले. आजच्या कितीतरी तक्रार-अ‍ॅपांच्या वाट्याला एवढे यश आलेले नाही, हे मान्य करायला हवे. तरीही त्या पेटीमुळे एदोचा रहिवासी नागरिक झाला का? कोणते पत्र मानायचे, कोणते बाजूला ठेवायचे, खजिन्यातून किती पैसा कशावर खर्च करायचा, हे सारे पेटी उघडणाऱ्याच्याच हातात राहिले. आजची बहुतेक नागरी अ‍ॅपे या पेटीची वंशज आहेत. विभाग निवडा, उपविभाग निवडा, छायाचित्र जोडा, ‘पाठवा’वर बोट ठेवा; मग एक क्रमांक मिळतो आणि काही दिवसांनी ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश येतो. निकाली काढली म्हणजे खड्डा बुजवला, की तक्रार दुसऱ्या खात्याकडे ढकलली, की आमच्या अखत्यारीत नाही म्हणून बंद केली, हे त्या संदेशावरून कळत नाही. त्या खड्ड्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होती का, असल्यास ती कुठे खर्च झाली, हे विचारायला तर त्या पडद्यावर रकानाच नसतो. तिथे माणूस अर्जदार असतो, आणि अर्जदाराला उत्तर मिळणे ही मेहेरबानी ठरते.

वाटा देणे म्हणजे काय, हे ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने दाखवले. १९८८ ची निवडणूक जिंकून महापौर झालेल्या ओलिव्हिओ दुत्रा यांच्या वर्कर्स पार्टीने १९८९ मध्ये तिथे सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत सुरू केली, तेव्हा सर्वसामान्यांपर्यंत इंटरनेट पोहोचायचे होते. शहराचे विभाग पाडले गेले, ते लवकरच १६ झाले. विभागसभांत लोकांनी गरजांचा प्राधान्यक्रम लावायचा, प्रतिनिधी निवडायचे, आणि प्रतिनिधींच्या परिषदेने विकासकामांवरच्या खर्चाची वाटणी एका जाहीर सूत्राने करायची, अशी ती रचना होती. सूत्रात विभागाची लोकसंख्या, तिथल्या लोकांनी लावलेला क्रम आणि त्या सेवेची तिथे असलेली उणीव, या तिन्हींना गुण होते. त्यामुळे ज्या वस्तीत गटारेच नाहीत तिचे पारडे सूत्रानेच जड व्हायचे; तिथला माणूस सभेत किती जोरात बोलला यावर सारे अवलंबून नसायचे. जागतिक बँकेने नोंदवलेल्या आकड्यांनुसार पाणी आणि मलनिस्सारणाच्या जोडण्या असलेल्या घरांचे प्रमाण १९८८ मध्ये ७५ टक्के होते, ते १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेले. हा सारा बदल सभांनीच घडवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण १९८८ च्या नव्या राज्यघटनेने ब्राझीलमधल्या नगरपालिकांच्या हाती आधीपेक्षा जास्त पैसा आला होता. पण वाढलेला पैसा कोणत्या वस्तीकडे आधी वळला, याचे श्रेय त्या सूत्राला आणि ते सूत्र जाहीर असण्याला द्यावे लागते.

सभेच्या कैवाऱ्यांना हे उदाहरण सोयीचे वाटेल. परंतु सभेलाही तिचे दार असते आणि ते सर्वांसाठी सारखे उघडे नसते. रात्रपाळीला जाणारा कामगार, घरी तान्हे मूल असलेली आई, चाकाच्या खुर्चीतला माणूस आणि चार लोकांत तोंड उघडायला कचरणारा माणूस, हे सभेच्या हजेरीपटावर कमीच दिसतात. जे येतात त्यांतही बोलण्याची सवय असलेले मोजके लोक सभा ताब्यात घेतात. तेव्हा तंत्रज्ञानाने अडथळे दूर होतात हा दावा खोटा नाही, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावाही ब्राझीलचाच आहे. १९९० च्या दशकापर्यंत तिथल्या मतदाराला मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव किंवा क्रमांक स्वतः लिहावा लागे आणि लिहिण्या-वाचण्यात कच्च्या असलेल्या असंख्य लोकांची मते बाद होत. इलेक्ट्रॉनिक यंत्र आले. क्रमांक दाबला की पडद्यावर उमेदवाराचे छायाचित्र दिसू लागले. १९९८ मध्ये बहुतेक राज्यांत ही यंत्रे ४०,५०० हून अधिक मतदार असलेल्या नगरपालिकांतच वापरली गेल्याने तुलनेची संधी मिळाली. थॉमस फुजिवारा या अर्थशास्त्रज्ञाने ती तुलना केली, तेव्हा बाद मते झपाट्याने घटलेली दिसली, कमी शिकलेल्यांची मते प्रत्यक्षात मोजली जाऊ लागली, आणि पुढे सरकारी खर्चात गरिबांना उपयोगी पडणाऱ्या आरोग्यसेवेचा वाटा वाढला. तंत्रज्ञानाच्या बाजूने याहून चांगली साक्ष मला माहीत नाही. पण या साक्षीत एक अट दडलेली आहे. त्या मताला सरकार बदलण्याची ताकद आधीपासून होती. यंत्राने त्या ताकदीपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी केली. ज्या मताला मुळात कोणी बांधील नाही ते देणे कितीही सोपे केले, तरी त्यातून आरोग्यसेवा कशी वाढणार?

अ‍ॅपच्या पुरस्कर्त्यांचा दुसरा युक्तिवाद अधिक अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही. ऑनलाइन मत देणारे अधिक तरुण, अधिक शिकलेले आणि अधिक मिळकतीचे असतात, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. ब्राझीलमधल्या रिओ ग्रांदे दो सुल या राज्यात २०१२ मध्ये अंदाजपत्रकातील प्राधान्यक्रमावर दहा लाखांहून अधिक लोकांनी मते दिली, काहींनी केंद्रावर जाऊन आणि काहींनी ऑनलाइन. अभ्यासकांनी दोन्ही गट तपासले. ऑनलाइन मतदार खरोखरच वेगळ्या थरांतले होते; पण त्यांनी निवडलेली कामे आणि केंद्रावरच्या मतदारांनी निवडलेली कामे यांत फारसा फरक पडला नाही. मग चिंता कशाची, असे कोणी विचारले तर त्याला रागावता येणार नाही. माझे उत्तर असे, की तिथे मतपत्रिकेवरची यादी आधीच प्रादेशिक सभांच्या चाळणीतून निघाली होती. यादीत काय असावे हे भांडून ठरले होते. त्यानंतर खूण कोणी केली याने कमी फरक पडणे स्वाभाविक होते. गरिबीला बोलायची संधी हवी असते ती यादी तयार होताना. यादी कार्यालयात बसून तयार झाली आणि लोकांपुढे फक्त निवडीसाठी ठेवली, तर निवडणारा कोणत्याही थरातला असो, त्याला फक्त दुसऱ्याने मांडलेल्या वस्तूंतून एक उचलायची असते.

ब्राझीलमधल्याच बेलो होरिझोंते या शहराची हकिकत मी थोडी सविस्तर सांगतो, कारण तिथे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्या. तिथल्या सहभागी अंदाजपत्रकाच्या सभा १९९३ पासूनच्या. त्यांत एक फार शहाणी प्रथा होती: अखेरच्या निवडीआधी सगळे प्रतिनिधी बसमध्ये बसून आपल्या विभागातल्या प्रत्येक प्रस्तावित कामाची जागा पाहून येत. आपल्या गल्लीच्या रस्त्यासाठी आलेला माणूस त्या फेरीत दुसऱ्या वस्तीच्या उतारावर उतरे, तिथे घरांसमोरून वाहणारे सांडपाणी पाही, आणि मग त्याला त्याच लोकांसमोर आपला रस्ता आधी का हवा हे सांगावे लागे. ही लाज वाटण्याची, मन बदलण्याची आणि देवाणघेवाणीची संधी कोणत्या पडद्यावर मिळेल? २००६ मध्ये महापालिकेने याच्या जोडीला डिजिटल मतदान सुरू केले. नऊ विभाग, प्रत्येकात चार प्रस्ताव, त्यांतून एकेकाची निवड. सुमारे १ लाख ७३ हजार लोकांनी मते दिली. सभांना येणाऱ्यांच्या हे कितीतरी पट होते आणि साहजिकच सगळीकडे कौतुक झाले. २००८ मध्ये साऱ्या शहरासाठी रस्त्यांची पाच मोठी कामे ठेवली गेली. मतदार सव्वा लाखाच्या आसपास होते. २०११ मध्ये ते पंचवीस हजारांवर आले. या घसरणीची कारणे एकाहून अधिक सांगितली जातात, पण त्यांतले ठळक कारण असे, की २००८ मध्ये लोकांनी निवडलेले काम झालेच नव्हते. पाच वर्षांत मतदार सातव्या हिश्श्यावर आले, यात तंत्रज्ञानाचा काही दोष नव्हता. संगणक उत्तम चालत होते. लोकांनी मत दिले, वाट पाहिली, रस्ता झाला नाही, आणि का झाला नाही हे विचारण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. सभेतला प्रतिनिधी निदान पुढच्या सभेत उठून अधिकाऱ्याला जाब विचारू शकत होता. एका बोटाने दिलेल्या मताला दुसऱ्या दिवशी कोणाची गाठ घेता येत नाही.

मत गोळा करण्याच्या टोकाला आणखी एक धोका आहे, तो म्हणजे जे यंत्रात दिसते तेच शहर आहे असे वाटू लागणे. बोस्टनमध्ये २०१२ च्या सुमारास ‘स्ट्रीट बंप’ नावाचे अ‍ॅप आले. गाडीत ठेवलेला फोन धक्का ओळखून खड्ड्याची जागा आपोआप कळवत असे. कल्पना हुशारीची होती. पण ज्या भागांत गाड्या आणि स्मार्टफोन जास्त तिथलेच खड्डे जास्त दिसणार, हे लवकरच अभ्यासकांनी दाखवून दिले, आणि शहरालाही ते लक्षात घ्यावे लागले. संघटित गटांनी कृत्रिम कौल उभा करण्याचे दुखणे तर संगणकाहून फार जुने आहे. प्राचीन अथेन्समध्ये नको असलेल्या पुढाऱ्याला हद्दपार करण्यासाठी नागरिक खापराच्या तुकड्यावर त्याचे नाव कोरून मत देत. तिथल्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचे नाव कोरलेली सुमारे १९० खापरे सापडली, आणि अक्षरे ताडून पाहिली तेव्हा ती अवघ्या चौदा हातांनी लिहिलेली निघाली. लोकांना वाटण्यासाठी कोणीतरी ती आधीच तयार करून ठेवली होती. चौदा हातांना तेव्हा १९० खापरे कोरावी लागली. आज एकाच हाताला हजारो खाती उघडता येतात. माद्रिदने या भीतीपोटी आणि गांभीर्य राखण्यासाठी आपल्या ऑनलाइन व्यासपीठावर पाठिंब्याची अट घातली: सोळा वर्षांवरील रहिवाशांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे २७ हजार लोकांनी उचलून धरलेला प्रस्तावच सर्वांच्या मतदानाला जाईल. हजारो प्रस्ताव आले आणि २०१७ च्या फेब्रुवारीतल्या मतदानापर्यंत त्यांतले दोन ती अट पार करू शकले. दार बंद ठेवले तर लोक थकतात, उघडे टाकले तर गट घुसतात. हा पेच आइसलंडमधल्या रेक्याविकसारख्या शहरांनी काही प्रमाणात चांगल्या रचनेने सोडवला आहे; तिथे प्रस्तावाच्या बाजूचे आणि विरोधातले मुद्दे दोन वेगळ्या रकान्यांत मांडायचे असतात आणि एकमेकांना उलट उत्तर देता येत नाही, त्यामुळे भांडण पेटत नाही. पण चांगल्या चर्चेनंतरही प्रश्न तोच उरतो: पुढे काय झाले?

आता हिशेबाचे टोक. कोणत्याही शहराचे अंदाजपत्रक हा संकल्प असतो, आणि संकल्प व खर्च यांच्यामधल्या वाटेवर बरेच काही घडते. तरतूद होते पण निविदा निघत नाही. निविदा निघते पण कार्यादेश वर्ष संपता संपता मिळतो. काम अर्धे होते आणि मुदत वाढवली जाते. किंवा एका लेखाशीर्षाखालची रक्कम मधल्या एखाद्या बैठकीत दुसरीकडे वळवली जाते, ज्याला पालिकेच्या भाषेत ‘वर्गीकरण’ असे निरुपद्रवी नाव आहे. नागरिकांनी निवडलेले काम मरते ते बहुधा या वाटेवर, मतपेटीत नाही. या वाटेवर प्रत्येक कामासाठी एक पान उघडे असावे: मागणी कोणाच्या सभेतून आली, छाननीत तिचे काय झाले, नाकारली असल्यास कोणत्या कारणाने आणि कोणाच्या सहीने, तरतूद किती, निविदा कितीची, काम सुरू करण्याचा आदेश कोणत्या तारखेचा, आजवर किती देयके अदा झाली, रक्कम वळवली असल्यास कोणत्या ठरावाने. यातली बहुतांश माहिती नव्याने गोळा करावी लागत नाही. देयक मंजूर करताना लेखा विभागाला ती नोंदवावीच लागते. ती संगणकात असते, फक्त भिंतीच्या आत. बाहेर येते ती शेकडो पानांच्या अशा फायलीतून, जिची पाने कागदावरून छायाचित्र काढून चढवलेली असतात आणि ज्यात आपल्या रस्त्याचे नावही शोधता येत नाही. मत देण्यासाठी सुबक अ‍ॅप करणारे शहर हिशेब मात्र असा का देते? सोपे करण्याची कला त्याला अवगत आहे, हे तर त्या अ‍ॅपनेच सिद्ध केलेले असते. बार्सिलोनाने २०१६ मध्ये आपल्या चार वर्षांच्या आराखड्यासाठी आलेल्या दहा हजारांहून अधिक प्रस्तावांच्या बाबतीत वेगळी वाट धरली. प्रत्यक्ष बैठकांतले प्रस्तावही त्याच व्यासपीठावर चढवले आणि प्रस्ताव स्वीकारला की नाकारला, कारण काय, हे तिथेच नोंदवले. नकाराचे लेखी कारण मिळणे ही गोष्ट लहान वाटते, पण अर्जदार आणि नागरिक यांच्यातला फरक मला तिथे दिसतो.

यावर अधिकाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो: अर्धवट माहितीने गैरसमज पसरतील, आणि एवढा तपशील वाचणार तरी कोण? १७७१ च्या लंडनमध्ये पार्लमेंटचे सदस्य हेच म्हणत होते. सभागृहातली भाषणे वृत्तपत्रांत छापणे हा हक्कभंग मानला जाई. छापणाऱ्यांना पकडायला माणसे पाठवली गेली, आणि मुद्रकाला सोडून देणारे लंडनचे महापौर ब्रास क्रॉस्बी यांना ‘टॉवर ऑफ लंडन’ या किल्ल्यातल्या तुरुंगात टाकण्यात आले. जनक्षोभ असा झाला, की त्यानंतर छापणाऱ्यांना अडवण्याचे पार्लमेंटने हळूहळू सोडूनच दिले. भाषणे शब्दशः वाचणारे लंडनकर तेव्हाही थोडेच असतील. पण कोणीही वाचू शकतो, ही जाणीव बोलणाऱ्याला बदलते. खर्चाच्या पानांचेही तसेच आहे. एखाद्या वस्तीत निवृत्त लेखापाल, चिकाटीची शिक्षिका किंवा एखादा वार्ताहर, असा एक जण ती पाने उघडणारा असला तरी पुरे.

लोकनियुक्त सदस्यांचा आक्षेप याहून आदराने घ्यायला हवा. आम्हाला लोकांनीच निवडले आहे. मग लोकांनाच पुन्हा विचारायचे तर आम्ही कशाला? शहराला दूरचे पाहावे लागते, दिसणारा चौक सुशोभित करण्याच्या मोहात न दिसणारी जलवाहिनी मागे पडू शकते, हेही खरे. पण सहभागी अंदाजपत्रकातली रक्कम बहुतेक शहरांत एकूण खर्चाचा लहानसा भाग असते. पॅरिससारख्या उत्साही शहरातही ती विकासकामांच्या खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आसपास ठेवली गेली. उरलेला सगळा पैसा प्रतिनिधींच्याच हातात राहतो. उलट माझी काळजी अशी, की त्या पाच टक्क्यांच्या गाजावाजात उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांकडे कोणी पाहतच नाही. हिशेबाची उघडी पाने सगळ्या रकमेची हवीत, ती नुसत्या लोकांनी निवडलेल्या कामांपुरती ठेवून उपयोग नाही. त्यांनी प्रतिनिधीचा अधिकार कमी होत नाही. मंजूर झालेले काम प्रशासनाने का रखडवले, हे त्यालाही प्रथमच वेळेवर कळते.

पोर्तो अलेग्रेत दरवर्षी एक पुस्तिका छापली जात असे. मंजूर झालेली कामे विभागवार तिच्यात दिलेली असत: कोणत्या वस्तीत काय होणार आणि त्यासाठी किती रक्कम ठेवली आहे. ती लोकांना वाटली जाई, आणि ती हातात घेऊन प्रतिनिधी कामाच्या जागी जाऊन उभे राहत. सरकारे बदलली, त्या पद्धतीचा जोर ओसरत गेला, आणि २०१७ मध्ये शहराने ती स्थगित केली. तीस वर्षांपूर्वी कागदावर जे छापता येत होते ते आज रोजच्या रोज, देयकाच्या आकड्यासह, कोणाच्याही हातातल्या फोनवर दाखवता येते. सहभागाचे नवे अ‍ॅप घेऊन कोणी आपल्या शहरात आले, तर मत कुठे द्यायचे हे विचारण्याआधी त्यात ती पुस्तिका कुठे आहे हे विचारावे.